टायरवाल्यांचा नाताळ

क्लेम कुबियाकचा डावा गुडघा बदलावा लागला नसता, तर बर्नडीनने घर आवरायला काढलंच नसतं. नवरा घरात असताना घर आवरता येत नाही, हे तिला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. टाकायला काढलेली प्रत्येक वस्तू क्लेम हातात घ्यायचा, बालमित्र भेटल्यासारखा तिच्याकडे बघायचा आणि परत जागेवर ठेवायचा. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर तीन आठवडे व्यायामाच्या केंद्रातच राहावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा क्लेमचा चेहरा पडला आणि बर्नडीनच्या डोळ्यांसमोर घरातली सगळी कपाटं उभी राहिली.

मिलवॉकीच्या दक्षिण भागात वस्तू कुणी फेकत नाही. चर्चच्या विक्रीला देतात. फेकण्यात पाप आहे, देण्यात पुण्य आहे, आणि जागा दोन्हींत सारखीच मोकळी होते. बर्नडीनने दोन आठवड्यांत अकरा खोकी दिली. त्यातल्या एकात दिवाणखान्यातल्या रेकॉर्ड प्लेयरच्या खालच्या कपाटातल्या नाताळच्या रेकॉर्डी होत्या, आणि त्यांतली सगळ्यात वरची म्हणजे टायरवाल्यांचा नाताळ.

ही रेकॉर्ड नसलेलं घर त्या भागात शोधूनही सापडलं नसतं. त्या काळी डिसेंबरात बर्फात चालणारे टायर बसवायला गेलं की टायरची कंपनी हातात एक रेकॉर्ड ठेवायची. कव्हरवर शेकोटी, शेकोटीपुढे झोपलेलं कुत्रं आणि आत शंभर माणसांचा गायकवृंद. सगळे एकदम आणि एकाच पट्टीत इतकं नीटनेटकं गायचे, की ऐकणाऱ्याला आपलं काहीतरी चुकलंय असं वाटावं. त्यामुळे ती कुणी लावायचं नाही. पण फुकट मिळालेली, त्यातून येशूची, टाकणार कशी? टायर झिजले, गाड्या भंगारात गेल्या, गाड्या चालवणारी माणसंही एकेक करून गेली. रेकॉर्डी राहिल्या.

बुधवारी सकाळी चर्चच्या सभागृहातून फोन आला. रविवारी तिथे क्लेमच्या बँडची पंचावन्न वर्षं साजरी व्हायची होती. सभागृहातला रेकॉर्ड प्लेयर जुना आहे, सुई नीट बसते की नाही हे बघायला कार्यक्रमात वाजवायची रेकॉर्ड आधी पाठवता का, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. बर्नडीनने कपाट उघडून साउथ साइड फाइव्हची, म्हणजे क्लेमच्या बँडची, रेकॉर्ड काढली. कव्हरवर निळ्या कोटातली पाच पोरं, कॉन्सर्टिना ही भात्याची पेटी छातीशी धरलेला चोवीस वर्षांचा क्लेम, आणि मधोमध गायिका म्हणून उभी असलेली आर्डेल. बर्नडीनने सवयीने आर्डेलवर अंगठा ठेवला आणि तबकडी बाहेर ओढली.

लेबलवर शेकोटी होती आणि शेकोटीपुढे कुत्रं.

ती खुर्चीवर बसली. मग उठून ओट्याजवळ गेली, पाणी प्यायली, परत आली आणि पुन्हा बघितलं. कुत्रं तसंच झोपलेलं होतं. कधीतरी एखाद्या पार्टीत कुणीतरी दोन्ही तबकड्या काढल्या असणार आणि ठेवताना अदलाबदल झाली असणार. म्हणजे नाताळ घरात होता, आणि क्लेमची पोल्का, म्हणजे नाचाच्या गाण्यांची तबकडी, शेकोटीच्या कव्हरमध्ये बसून चर्चच्या विक्रीला गेली होती.

त्या रेकॉर्डच्या तीनशे प्रती निघाल्या होत्या. दीडशे-पावणेदोनशे प्रती लोकांच्या लग्नांत गाडीच्या डिकीतून विकल्या गेल्या आणि त्या त्या संसारांबरोबर कुठे कुठे गेल्या. उरलेल्या ड्रमवाल्याच्या तळघरात होत्या. तिथे पाणी शिरलं तेव्हा त्यांनी एकमेकींना घट्ट धरलं ते कायमचं. गेली कित्येक वर्षं कुणाला माहीत असलेली प्रत एकच होती.

एवढंच असतं तरी बर्नडीनने सहन केलं असतं. म्हातारपणी माणूस चुकतो, माफी मागतो, दोन दिवस घरात कुणी बोलत नाही आणि तिसऱ्या दिवशी हवामानावर बोलणं सुरू होतं. पण इथे आर्डेल होती. बर्नडीनच्या आधी क्लेम दोन उन्हाळे आर्डेलबरोबर हिंडत होता, हे अख्ख्या चर्चला माहीत होतं. आणि लग्न झाल्यापासून बर्नडीन त्या रेकॉर्डबद्दल काय काय बोलली होती तेही अख्ख्या चर्चला माहीत होतं. मांजर शेपटीवर पाय पडल्यावर जे करतं त्याला आर्डेल गाणं म्हणते, हे तर ती स्वतः आर्डेलच्या मावशीच्या तेराव्या... नव्हे, अंत्यविधीनंतरच्या जेवणात म्हणाली होती. आता तीच आर्डेल रविवारी फ्लोरिडाहून मुद्दाम येणार होती. क्लेम शनिवारी घरी येणार होता. आणि जगात उरलेली एकमेव प्रत बर्नडीनने, तो घरात नसताना, आपल्या हाताने देऊन टाकली होती. चुकून.

शेजारच्या मार्सेलाकडे ती तशीच एप्रनवर गेली. विक्रीत रेकॉर्डींचं टेबल मार्सेलाच सांभाळायची. मार्सेलाने सगळं ऐकून घेतलं, दार लोटलं आणि आवाज खाली आणला.

“बर्नडीन, चाळीस वर्षांची मैत्री आहे आपली. मी कुणाला सांगणार नाही. चुकून दिलीस, की दिलीस?”

चाळीस वर्षांची मैत्रीण असं विचारते, तर नवरा काय म्हणेल? ती मार्सेलावर रागावली. पण रागावून चालण्यासारखं नव्हतं, कारण पुढची माहिती मार्सेलाकडेच होती. टायरवाल्यांचा नाताळ विक्रीत कुणी हातातही घेतला नव्हता. न खपलेल्या सगळ्या रेकॉर्डी, खोक्यांसकट, किनिकिनिक रस्त्यावरच्या जुन्या रेकॉर्डींच्या दुकानाचा मालक डर्क उचलून घेऊन गेला होता.

मग मार्सेलाने सल्ला दिला. तिच्या दिराने एकदा जुन्या वस्तूंच्या दुकानात जाऊन एक घड्याळ नाव घेऊन मागितलं होतं, आणि दुकानदाराने त्याच्यादेखत किमतीची चिठ्ठी बदलली होती. आपल्याला काय हवंय हे अशा माणसांना कळता कामा नये. विचारलं तर हसायचं. आणि चांगला कोट घालून जायचं नाही. बर्नडीन क्लेमचा बर्फ उपसायचा कोट घालून गेली. बाह्या बोटांच्या खाली दोन इंच येत होत्या.

डर्क पन्नाशीचा होता, केसांची शेपटी बांधलेला, आणि दुकानात कुणी आल्याचं त्याला फारसं आवडत नसावं. बर्नडीनने सहज आल्यासारखं दाखवत नाताळच्या रेकॉर्डी कुठे असतात म्हणून विचारलं. उपासाच्या शुक्रवारी कुणी मटण मागावं तसं डर्कने तिच्याकडे पाहिलं.

त्याच्या दुकानात नाताळ थँक्सगिव्हिंगनंतर वर यायचा. तोवर तो तळघरात. तळघरात गिऱ्हाइकाला जाता येत नाही, कारण विमा कंपनीची तशी अट आहे. मालकाला स्वतःला जाता येतं, पण तो फक्त शुक्रवारी जातो. हवं असेल तर वहीत नोंद करा. वहीत रकाने होते: नाव, कंपनी, क्रमांक, अवस्था. पहिले तीन बर्नडीनने मार्सेलाला स्मरून ‘कोणतीही’ असं लिहून भरले. चौथ्यात ‘बरी’ लिहिलं. डर्कने ते खोडलं. रेकॉर्डीच्या अवस्थेच्या आठ पायऱ्या असतात आणि ‘बरी’ ही त्यांतली एकही नाही, असं त्याने समजावून सांगितलं. बर्नडीनच्या स्वतःच्या तब्येतीला डॉक्टरांनी आजवर दोनच पायऱ्या लावल्या होत्या. तिने सगळ्यात खालची पायरी निवडली, म्हणजे संशय नको.

गुरुवारची रात्र कशी गेली ते न सांगितलेलं बरं. संध्याकाळी केंद्रातून क्लेमचा फोन आला, तेव्हा त्याने रविवारचा विषय काढला आणि तिने पावसाचा.

शुक्रवारी ती दुकान उघडायच्या आधी पायरीवर उभी होती. वहीत ‘कोणतीही’ आणि तीही सगळ्यात खालच्या पायरीची असल्यामुळे डर्कने तळघरातून ज्याचा ढीग सगळ्यात मोठा तो टायरवाल्यांचा नाताळच वर आणायला सुरुवात केली, तेव्हा तिला कळलं की तिथे त्याच्या त्र्याऐंशी प्रती होत्या. लोक आणून देतात, डर्क म्हणाला. घेत नाही म्हटलं तर दाराबाहेर ठेवून पळून जातात. एकाने टपालपेटीतून आत ढकलायचा प्रयत्न केला होता. तो एका वेळी दहाच वर आणणार होता. त्या बघून परत दिल्या की पुढच्या दहा.

बर्नडीनने काउंटरच्या कोपऱ्यात बैठक मारली. कव्हर उचल, तबकडी दोन बोटं बाहेर ओढ, लेबल बघ, कुत्रं दिसलं की आत ढकल. कुत्रं. कुत्रं. कुत्रं. पहिल्या दहात नव्हती, दुसऱ्या दहात नव्हती. कोटाच्या बाह्या मध्ये मध्ये येत होत्या, आणि प्रत्येक कव्हरमधून कुणाच्या तरी घराचा वास येत होता: कुणाची सिगार, कुणाचं तळण, एकातून तर डांबराच्या गोळ्यांचा. एका कव्हरवर ‘बाबांची, हात लावू नये’ असं लिहिलेलं होतं. ती क्षणभर थांबली आणि तेही कुत्रं आत ढकललं.

शेजारच्या रांगेत गळ्यात भिंग अडकवलेला एक उंच माणूस जॅझच्या रेकॉर्डी चाळत होता. त्याचं नाव नील, हे नंतर कळलं. रेकॉर्डी जमवणाऱ्या या माणसांचा एक नियम असतो: दुसऱ्याच्या हातात काय आहे ते बघायचं नाही. बघत सगळे असतात. एक म्हातारी, अंगात बापाचा शोभेल असा कोट, एकाच बिनकामाच्या रेकॉर्डीच्या प्रतीमागून प्रती काढते आहे, प्रत्येकीचं लेबल तपासते आहे आणि मान हलवून परत ठेवते आहे, हे नीलने तिसऱ्या दहापर्यंत सोसलं. मग तो जवळ आला आणि कशाच्या शोधात आहात, असं फार अदबीने विचारलं.

बर्नडीन हसली.

लेबलात काही फरक असतो का, त्याने विचारलं. तिला खोटं बोलता येत नव्हतं. असतो, ती म्हणाली. कसला? ते सांगता येणार नाही, ती म्हणाली, आणि पुन्हा हसली.

याहून वाईट काही तिला बोलता आलं नसतं, कारण लेबलात फरक म्हणजे या माणसांच्या लेखी दुर्मीळ प्रत. नील बाजूला जाऊन फोनवर काहीतरी टिपू लागला. अर्ध्या तासात दुकानात आणखी दोघं आले, मग एक टक्कल पडलेला, मग बाप-लेक. सगळे जॅझ चाळत होते आणि कुणाचंच जॅझकडे लक्ष नव्हतं. डर्कच्या लक्षात ही गर्दी आली. टायरवाल्यांचा नाताळ आजवर अर्ध्या डॉलरलाही गेला नव्हता. त्याने पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पाच लिहून काउंटरवर ठेवला. कुणी काही बोललं नाही, तेव्हा पाच खोडून पंधरा केले. टकलूने पंधराला लगेच एक घेतली. काय घेतलं ते त्याला माहीत नव्हतं, आणि म्हणूनच तो इतका खूश दिसत होता.

चाळिसावी रेकॉर्ड बर्नडीनच्या हातात असताना नीलने डर्कला उरलेल्या सगळ्याच्या सगळ्या वर आणायला सांगितलं. न बघता घेतो, म्हणाला. डर्क खाली गेला. त्याची पावलं जिन्यावर वाजत होती तेवढ्यात बर्नडीनने पर्स उघडून बघितली. आत चाळीस डॉलर आणि प्रार्थनेची माळ होती, आणि यांतलं काहीच पुरेसं नव्हतं.

डर्क त्रेचाळीस रेकॉर्डींचं खोकं घेऊन वर आला. नीलने हात पुढे केले. आणि बर्नडीनने मार्सेलाचा सगळा सल्ला गुंडाळून ठेवून तोंड उघडलं.

“त्यात फरकबिरक काही नाही. माझ्या नवऱ्याची रेकॉर्ड आहे यातल्या एका कव्हरमध्ये. पोल्काची. माझ्या हातून चर्चला गेली.”

मग टकलू बाप-लेकांकडे बघून हळूच म्हणाला, “बाई भारी हुशार आहे.”

शहात्तर वर्षांच्या आयुष्यात बर्नडीनला कुणी हुशार म्हटलं नव्हतं. शाळेत नन म्हणाल्या नाहीत, क्लेम म्हणाला नाही, पोटची मुलंही नाहीत. आणि आज म्हटलं ते ती खरं बोलत असताना, खोटारडी या अर्थाने. ती एका पालथ्या खोक्यावर बसली आणि तिने सगळं सांगितलं. गुडघा, कपाटं, रविवार. नको होतं तरी आर्डेलही सांगितली, दोन्ही उन्हाळ्यांसकट. मावशीच्या जेवणात म्हटलेलं मांजराचं वाक्यही सांगितलं. ते सांगितल्यावर मात्र नीलचा चेहरा बदलला. एवढं स्वतःच्या विरुद्ध कुणी रचून सांगत नाही, हे त्याला पटलं असावं. त्याने खोकं जमिनीवर ठेवलं आणि स्वतःच एकेक तबकडी काढून बघू लागला.

एकोणिसाव्या कव्हरला त्याचा हात थांबला. लेबल पिवळं होतं. त्याने भिंग लावून वाचलं, मग फोनवर शोधलं, मग पुन्हा वाचलं.

“हिची कुठेच नोंद नाही,” तो पुटपुटला.

“माझ्याकडे आहे,” बर्नडीन म्हणाली. “पंचावन्न वर्षांची.”

आता अडचण वेगळीच झाली. त्या दुकानांचा दुसरा नियम असा, की रेकॉर्ड ज्याच्या हातात ती त्याची. आणि ती नीलच्या हातात होती. तो वाईट माणूस नव्हता. त्याचा हात फक्त उघडत नव्हता. पाचशे डॉलर देतो, तो डर्कला म्हणाला. डर्क खाली बसला. मूळ कव्हर कुठे आहे, नीलने बर्नडीनला विचारलं. माझ्या घरी, ती म्हणाली, आणि तिथेच राहणार. नीलने डोळे मिटले. कव्हर नसलेली तबकडी ही त्या माणसांना शोकसभेतल्या विधवेसारखी वाटते, हे बर्नडीनला त्या दिवशी समजलं.

शेवटी डर्क म्हणाला की अवस्था तपासल्याशिवाय त्याच्या दुकानातून काही विकलं जात नाही. त्याने तबकडी लावली.

आधी खरखर. मग ड्रम, मग क्लेमचा कॉन्सर्टिना, जरासा घाईत. तो नेहमी जरासा घाईत असायचा. दुसरं गाणं आर्डेलचं. परत यायचं तर ये, पण दारात बूट पुसून ये, असं काहीतरी ती नवऱ्याला सांगत होती. बर्नडीनने ते शेवटचं नीट ऐकलं होतं त्याला किती वर्षं झाली असतील, तिला आठवेना. ती ऐकायच्या आधीच नाक मुरडायची. आता दुकानात सहा पुरुष हात खाली सोडून उभे होते आणि कुणी रेकॉर्डी चाळत नव्हतं.

गाणी संपली. कोण ही, नीलने विचारलं.

“आर्डेल,” बर्नडीन म्हणाली. “आवाज चांगलाच होता तिचा. फक्त तिला ते माहीत होतं.”

आणि ती रविवारी येणार आहे? इथे? नीलने हे ज्या सुरात विचारलं त्यावरून बर्नडीनला मार्ग दिसला. दुपारी दोन वाजता, ती म्हणाली, चर्चच्या सभागृहात. पाचातले चार जिवंत आहेत. ड्रमवाल्याला ऐकू येत नाही, पण तो बोलतो खूप. कव्हर टेबलावर ठेवलेलं असेल, हात धुऊन आलात तर हातात देईन. रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन या, हव्या तेवढ्या वेळा गाणी उतरवून घ्या. पण तबकडी आज माझ्याबरोबर घरी येईल.

नीलचा हात उघडला.

पाचशे हुकले तसे डर्कने निदान पंधरा मागितले. बर्नडीनने पर्स उघडली नाही. कव्हरवर कुत्रं आहे, ती म्हणाली. तुम्ही कव्हर बघूनच घेतली होतीत, मीही कव्हर बघूनच घेते. अर्धा डॉलर काउंटरवर ठेवून ती बाहेर पडली. शेकोटीचं कव्हर तिने तिथेच सोडलं.

शनिवारी दुपारी क्लेम घरी आला. पावलापावलाला चालायची चौकट पुढे सरकवत तो थेट दिवाणखान्यात गेला, रेकॉर्ड प्लेयरजवळच्या खुर्चीत बसला आणि बायकोला म्हणाला, जरा कॉफी टाक, केंद्रातली कॉफी म्हणजे भांडी विसळलेलं पाणी होतं. बर्नडीन स्वयंपाकघरात गेली. कॉफीचा डबा काढताना तिने दारातून सहज बघितलं. क्लेम नव्या गुडघ्यासकट वाकून खालचं कपाट चाचपत होता. निळ्या कोटातल्या पोरांच्या रेकॉर्डीकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. तो नाताळच्या कप्प्यात हात घालत होता, आणि कप्पा रिकामा होता.

जेवायला कोबीत गुंडाळलेला खिमा होता, त्याच्या आवडीचा. त्याने एक घास घेतला.

“ती टायरवाल्यांची नाताळची रेकॉर्ड असायची बघ. कुठे गेली?”

“एप्रिलमध्ये नाताळ कशाला आठवला?”

“सहज.”

“चर्चला दिली.”

क्लेमने काटा खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्याचा रंग कोबीच्या रंगाला येऊन मिळाला. त्याला काहीतरी विचारायचं होतं आणि विचारता येत नव्हतं, हे बर्नडीनला दिसलं, आणि ते दिसलं तसं सगळंच दिसलं. कुठली पार्टी नव्हती. कुणाची चूक नव्हती. तो संशय घेईल म्हणून तिला तीन दिवस अन्न गोड लागलं नव्हतं, आणि या माणसाने संशय कधीचाच घेऊन, कपाटात घालून ठेवला होता.

तिने लगेच काही सांगितलं नाही. त्याच्या ताटात आणखी खिमा वाढला. केंद्रातल्या बायका कशा होत्या ते विचारलं. आर्डेलचं विमान वेळेवर असल्याची बातमी दिली.

“बर्नडीन,” क्लेम म्हणाला, “उद्याचं जरा पुढे ढकलता येईल का? गुडघा दुखतोय.”

“कुठला?”

“दोन्ही.”

ती उठली. दिवाणखान्यात जाऊन निळ्या कोटाच्या कव्हरमधून तबकडी काढली आणि सुई ठेवली. खरखर झाली, ड्रम वाजला, आणि चौकट टेबलाशीच ठेवून क्लेम दारात येऊन उभा राहिला. चार पावलं. केंद्रात व्यायाम घेणाऱ्या बाईला तीन आठवड्यांत त्याच्याकडून हे करून घेता आलं नव्हतं.

“केव्हापासून होती ती कुत्र्याच्या कव्हरमध्ये?” बर्नडीनने विचारलं.

त्याने दाराची चौकट धरली. “आर्डेलने फोटो पाठवला होता ना, समुद्रावरचा.”

“ब्याऐंशी साल.”

“असेल. तू तेव्हा फार चिडली होतीस. मला वाटलं, रागाच्या भरात टाकलीस तरी नाताळच जाईल.”

“मी रागाच्या भरात आजवर काहीही टाकलेलं नाही, क्लेमेंट,” बर्नडीन म्हणाली. “मी आवरताना टाकते. बस खाली.”

तो बसला. पहिलं गाणं संपलं आणि आर्डेलचं सुरू झालं. बर्नडीन उठली, प्लेयरपाशी गेली आणि तिने आवाज थोडा कमी केला. फार नाही.